पाय धुणाऱ्याने बसायचं कुठे

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या म्हणण्याचा सारांश मला समजला तो असा. तू २७ वर्षांची, बँकेत नोकरी करतेस. ४ वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेतेस, महिन्यातून दोनदा तरुण संघाबरोबर सिव्हिलमध्ये पेशंटच्या भेटीला जातेस. कोणी कौतुक केलं की आतून फुगतेस आणि मग स्वतःचीच लाज वाटते. कोणी दखल घेतली नाही की घरी येऊन रडतेस. दुसरं, नाताळच्या प्रीतिभोजनाची भांडी दरवर्षी त्याच चार घरांतल्या बायकांच्या वाट्याला येतात, त्यात तुझी आई आहे. यंदा तू त्याबद्दल बोललीस, तर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "येशूनं पाय धुतले, तुम्हाला भांडी जड होतात का?" असं म्हणून गप्प केलं. आणि मग तुझा खरा प्रश्न: येशूसारखं नम्र व्हायचं म्हणजे सोमवार ते शनिवार नक्की करायचं काय, आणि ते करताना लोकांनी आपलं पायपुसणं केलं तर?

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. सेमिनरीचं तोंड पाहिलेलं नाही. मिशनच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली २२ वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत गेली. इतरांसाठी पाय धुणं हा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवसाचा विषय असतो, माझी ती सकाळी साडेआठची ड्युटी होती. तेव्हा जे हाताखालून गेलं तेवढंच सांगते.

१९८३ मध्ये मी रुजू झाले. खोलीत एक ड्रेसर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पूर्वी इथलेच पेशंट, बरे होऊन कामाला लागलेले. हाताची बोटं वाकडी, तरी चिमटा असा धरायचे की आम्हाला लाज वाटावी. पहिल्या दिवशी एक शेतकरी बाकावर बसलेला, पाय लाकडी घोडीवर ठेवलेला. मी नाकाला रुमाल बांधून, कमरेतून वाकून, लांबूनच त्याची जखम पुसत होते. मामा मागे उभे.

"सिस्टर, काय दिसतंय?"

"घोट्याजवळ जखम आहे."

"आणि तळव्याला?"

तळवा मी पाहिलाच नव्हता. मामांनी पायानेच एक पाट माझ्याकडे सरकवला. "वरून तळवा दिसत नसतो. बसा खाली."

बसले. अंगठ्याच्या मुळाशी जाडजूड घट्टा होता, वरून कोरडा, आणि त्याच्या कडेला बोट दाबलं तर पू आला. घोट्याजवळचं ते नुसतं खरचटणं होतं. पाय जाणार होता तो ह्या दुसऱ्या जखमेने. पाटावर बसल्यावर आणखी एक झालं. मान वर केली तर त्या माणसाचा चेहरा माझ्या डोक्याच्या वर होता. तोवर कुठल्या पेशंटकडे मी मान वर करून पाहिलेलं नव्हतं. तो इतका ओशाळला की त्याने पाय मागे ओढून घेतला.

तुझ्या "नम्र म्हणजे काय" ला माझ्याकडे पहिलं उत्तर हेच आहे. मनात काय वाटतं हे नंतर बघू. आधी तू बसतेस कुठे, ते सांग. सिव्हिलमध्ये कॉटच्या पायथ्याशी उभी राहून प्रार्थना म्हणतेस, की स्टूल ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीला येतेस? नम्रतेची भावना आणायला मी बरीच वर्षं खटपट केली, ती काही येईना. पाटावर बसणं मात्र रोज जमत होतं.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय घे, येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाचा. तो आपण इतक्या वेळा ऐकलाय की नीट ऐकतच नाही. पाय धुणं जेवणाआधी व्हायला हवं होतं. धुळीच्या रस्त्यावरून चपला घालून आलेली माणसं, ती पंगतीला बसायच्या आत कोणीतरी त्यांचे पाय धुवायचे, आणि ते काम घरातल्या सगळ्यांत खालच्या नोकराचं. त्या रात्री नोकर नव्हता, आणि बारा शिष्यांपैकी एकही उठला नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात तर सांगतो की त्याच जेवणावर आपल्यात मोठा कोण, यावरून त्यांची वादावादी झाली. याकोब आणि योहान ह्या शिष्यांनी आधीच उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागून ठेवल्या होत्या. (आपल्या पंच कमिटीची निवडणूक आठवून बघ. फार काही बदललेलं नाही.) जेवण चालू असताना येशू उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं. म्हणजे घासभर खाऊन झाल्यावरही त्या खोलीत न धुतलेले पाय तसेच होते आणि सगळे ते न दिसल्यासारखं करत होते. ते त्याला दिसले.

आपल्याकडे ह्या गोष्टीतला धक्का खरं तर जास्त बसायला हवा. पाय धुण्याची दिशा आपल्याला पक्की माहीत आहे. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. गुरूची पाद्यपूजा शिष्य करतो. दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला तांब्या दिला जातो, तोही घरातल्या सुनेच्या हातून. पाणी नेहमी लहानाकडून मोठ्याकडे वाहतं. गुरू उठून शिष्याचे पाय धुतो असं म्हटलं की आपल्या आज्जीने कानावर हात ठेवले असते. पेत्र ह्या शिष्याने तेच केलं. "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत" हे त्याचं वाक्य आपल्या घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडी शोभेल.

कॅथलिक मंडळींत पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. वसईची माझी एक मैत्रीण हसून सांगायची की निवडलेले बाराही जण घरून साबण लावून, नखं कापून येतात. फादरच्या हाती धूळ लागायचा प्रश्नच नाही. विधीचं असं होतंच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन १२ जणांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुसलमान होते, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्या विधीत तोवर पुरुषांचेच पाय धुवायचा नियम होता. २०१६ मध्ये तो बदलला. पाणी जरा वेगळ्या दिशेला वाहिलं की अजूनही लोक दचकतात, एवढंच मला त्यातून दिसलं.

आता तुझ्या आईच्या भांड्यांकडे येते, कारण ह्या ठिकाणी मला राग येतो आणि तो लपवायचा नाही.

त्या अध्यायाचं तिसरं वचन उघड. पाय धुण्याची गोष्ट सुरू व्हायच्या आधी योहान सांगतो की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो उठला. आपण कोण हे ज्याला पक्कं माहीत आहे, तो स्वतःच्या मनाने खाली बसला. पेत्राला त्याने "ऊठ आणि यहूदाचे पाय धू" असं फर्मावलं नाही. रुमाल स्वतःच्या कमरेला बांधला. आणि शेवटी जे सांगितलं त्यात "एकमेकांचे" असा शब्द आहे. त्या वडीलधाऱ्यांनी हा शब्द गिळला. एकाच बाजूने, त्याच चार घरांनी, वर्षानुवर्षं भांडी घासायची आणि दुसऱ्यांनी बसून साक्षी द्यायच्या, ह्याला त्या अध्यायात आधार नाही.

आणि ती चार घरं कोणती, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मी ह्याच भागातली आहे. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, आणि पुढे आपल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. आपल्या पणजोबांच्या वाट्याला येसकरपाळी होती: गावाची राखण, सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि त्याबदली दारोदार भाकरी मागणं. ती माणसं ख्रिस्ताकडे आली त्याचं एक मोठं कारण हे की इथे कोणीतरी त्यांना वर बसवलं. त्यांच्याच नातवंडांत आज कोण अगोदरचं, कोण नंतरचं, कोणाचं मूळ गाव कुठलं, सोयरीक कुठे जुळते, ह्यावरून भांड्यांची घरं ठरत असतील, तर त्याला सेवा म्हणू नकोस. ज्या बाईला कधी वर बसूच दिलं नाही तिला खाली उतरायचा उपदेश करणं, हा माझ्या मते वचनाचा गैरवापर आहे. तुझ्या आईला पाय धुवायला शिकवायची गरज नाही. तिचे पाय कोणी धुतले का, हे विचारायला पाहिजे.

मग नम्र माणसाने बोलावं का? बोलावं. येशूला पकडून हन्ना ह्या याजकासमोर नेलं, तिथे शिपायाने येशूच्या तोंडात मारली तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केल्याचं योहानाने लिहिलेलं नाही. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असलो तर ते दाखव, बरोबर बोललो असलो तर का मारतोस? शिवी नाही, आरडाओरडा नाही, पण सरळ प्रश्न. तूही तसाच विचार, आणि चारचौघांत विचार.

आमच्या मंडळीत आम्ही काय केलं ते सांगते. महिला मंडळाच्या मासिक सभेत ठराव वगैरे काही केला नाही. नाताळच्या आधी सूचनाफलकावर पाळीचा कागद लावला: वाढणं, उष्टी काढणं, पातेली घासणं, सभागृह झाडणं. पहिल्या रकान्यात सेक्रेटरी, खजिनदार आणि पाळकसाहेबांची नावं त्यांना विचारूनच घातली. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. खजिनदारांनी तीन दिवस घेतले. त्या वर्षी भाताचं चाळीस माणसांचं पातेलं सेक्रेटरींनी राखेने घासलं आणि करपलेला थर निघेना म्हणून त्यांच्या मिसेसना हाक मारली, त्या आल्या नाहीत, लांबूनच "भिजत घाला आधी" म्हणाल्या. पोरं हसून लोळली. ते २ वर्षं चाललं. मग नवी कमिटी आली, कागद लावायचा राहिला, आणि तिसऱ्या वर्षी मोरीत पुन्हा जुनेच चेहरे. म्हणून म्हणते, एकदा बोलून भागत नाही. कागद दरवर्षी लावावा लागतो.

कौतुकाचा भाग थोडक्यात उरकते, कारण तुला वाटतो तेवढा तो भयंकर नाही. कौतुकाने माणूस फुगतो. मीही फुगते. त्याबद्दल रात्रभर स्वतःला कोसत बसणं म्हणजे पुन्हा स्वतःकडेच बघत बसणं. एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे.

आमच्याकडे देणगीदार पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एकाने मी पाटावर बसून पाय धुताना फोटो काढला, तो वार्षिक अहवालात छापून आला. छान फोटो, खिडकीतला उजेड माझ्या तोंडावर. मी एक प्रत मागून घेतली, काच लावून खोलीत टांगली. काही महिन्यांनी ज्यांचा तो पाय, त्या आजी तपासणीला आल्या. मी मोठ्या हौसेने त्यांना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "ह्यात तुम्ही आहात. माझं तोंड कुठं गेलं?"

फोटोत त्यांचा फक्त पाय होता.

तो फोटो मी उतरवला. तुझ्या तरुण संघाचे सिव्हिलच्या भेटीचे फोटो स्टेटसला असतात का? केळी देतानाचा हात, कॉटवरचा म्हातारा, त्याच्या नाकातली नळी? तेवढे बंद कर. फोन वॉर्डाच्या बाहेर, पिशवीत. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये ही जी येशूची शिकवण आहे, ती पाळायला एवढी सोपी जागा दुसरी नाही, आणि कौतुकाचं तुझं अर्धं दुखणं तिथेच बसेल.

आता जे मला शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला ते.

कुष्ठरोगाने बोटं झडतात असं लोक समजतात. रोग नसांना मारतो. मग पायाला काटा मोडला, खडा टोचला, चुलीतला निखारा लागला तरी कळत नाही, आणि त्या जखमांनी बोटं जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि मऊ रबराच्या ज्या चपला पुढे आम्ही एमसीआर चपला म्हणून वाटायचो त्यांचाही पाया तिथल्या कामात आहे. औषधांचं म्हणशील तर १९८२ पासून एमडीटी आली. दोन-तीन औषधं मिळून ठरावीक काळ घ्यायची, आणि रोग बरा. पण मेलेली नस परत येत नाही. बधिर पाय जन्मभर सांभाळावा लागतो.

तो सांभाळायची रीत साधी आहे. रोज बादलीत साध्या पाण्यात २० मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. गरम पाणी नाही, चटका कळणार नाही. मग कडेचा घट्टा खरखरीत दगडाने हलके घासायचा. पाय ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं म्हणजे पाणी आत धरून राहतं आणि भेगा पडत नाहीत. शेवटी आरसा खाली धरून तळवा पाहायचा: लाल डाग, फोड, काटा. बस.

हे सगळं मी पेशंटचं करून देत होते, वर्षानुवर्षं, प्रेमाने. लोक लांबून यायचे, "सिस्टरच्या हाताला गुण आहे" म्हणायचे. मग दवाखान्याने धोरण बदललं. पेशंटला स्वतः करायला शिकवा, गावोगाव दहा-बाराजणांचे गट करा, ते एकमेकांचे पाय तपासतील. मी तोंडाने हो म्हटलं आणि मनातून खट्टू झाले. एक बाई तीन महिन्यांनी आली, तळवा गुळगुळीत, एक भेग नाही. म्हणाली, "मी घरीच करते आता, सिस्टर. यायची गरज नाही पडली." मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मग मी कशाला आहे?

त्या रात्री मला माझ्या सेवेचा तळवा दिसला. मला त्यांचे पाय बरे व्हायला हवे होते, पण ते माझ्याच हातून. तुझ्या रडण्याच्या मुळाशी हेच आहे असं मी म्हणत नाही, मी तुला ओळखत नाही. पण तपासून बघ. संडे स्कूलमधली मोठी मुलं उद्या स्वतः वर्ग घ्यायला लागली आणि तुला कोणी विचारलं नाही, तर कसं वाटेल?

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याकडे उपदेशात वारंवार येतं, बहुतेक वेळा दुष्काळाच्या संदर्भात. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं, मुक्ती सदन उभं राहिलं, हे खरंच. मला मात्र दोन गोष्टी जास्त ओढतात. एक म्हणजे त्या इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा वाँटेजच्या भगिनींनी (नन्सनी) त्यांना लंडनमधल्या फुलमला आपलं काम पाहायला पाठवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे भगिनी मायेने सांभाळत होत्या. रमाबाईंनी विचारलं की हे तुम्ही का करता, आणि उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी हलक्या मानलेल्या समाजातल्या, स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रार्थात भल्याभल्यांना न हरणाऱ्या ह्या बाईंना वादाने कोणी जिंकलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या भाषांतराची. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली "सरस्वती" ही पदवी दिली, त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला बसल्या, कारण संस्कृत वळणाचं भाषांतर खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. संस्कृतावर एवढी पकड असलेल्या माणसाने जड शब्द एकेक करून बाजूला ठेवायचे, म्हणजे बघ काय ते. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण पुस्तक १९२४ मध्ये निघालं. त्यांनी बायकांना आसरा दिला तसा हातात धंदाही दिला: छपाई, विणकाम, शेती, दूधदुभतं. आमच्या दवाखान्याचं ते धोरण केडगावला खूप आधीच चालू होतं म्हणायचं.

पायपुसण्याचा तुझा प्रश्न राहिला. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण अर्धी सांगतो. त्याने वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं? उतारशाळेच्या मालकाला दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणसाच्या उशाशी तो महिनाभर बसला नाही. आणि खुद्द येशू, कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटलं त्याच्या दुसऱ्या पहाटे अंधार असतानाच एकांतात जाऊन प्रार्थना करत होता. शिष्य शोधत आले, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाले, तर तो म्हणाला, चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ. म्हणजे नाहीच म्हणाला की. तुझ्यावर संडे स्कूल आहे, सिव्हिल आहे, बँक आहे. नाताळच्या नाटकाचे कपडे शिवायलाही तुलाच सांगितलं तर "यंदा जमणार नाही" हे पूर्ण ख्रिस्ती वाक्य आहे. कारणं देत बसू नकोस.

आणि पेत्र. मी सुरुवातीला त्या शेतकऱ्याबद्दल सांगितलं, त्याने पाय मागे ओढला. मला तेव्हा वाटलं होतं, बिचारा लाजला. निवृत्तीनंतर मला साखर निघाली, आणि ३ वर्षांपूर्वी लक्षात आलं की डाव्या पायाची बोटं मला नीट कळत नाहीत. जी बादली मी हजारोंपुढे सरकवली ती आता माझ्यापुढे. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तळवा दिसत नाही. एके संध्याकाळी सून म्हणाली, "आई, द्या इकडे, मी बघते," आणि सरळ फरशीवर बसली. मी पाय मागे ओढला. म्हटलं, राहू दे गं, तुझं ऑफिसचं पडलंय. ती म्हणाली, "पाय द्या." तिने घासलं, तेल लावलं, आरसा न घेता वाकून तळवा पाहिला. मला इतकं अवघड गेलं की मी तिच्याशी उगाच भाजीबद्दल बोलत बसले. "मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही" हे पेत्राला जे सांगितलं ते मी शंभरदा वाचलेलं. त्या फरशीवरच्या दहा मिनिटांत मला ते पहिल्यांदा लागलं. आजारी पडलीस तर तरुण संघातल्या पोरींना घरी येऊ दे. पसारा असला तरी.

आता पुढच्या शनिवारचं. सिव्हिलला जाताना केळी-बिस्किटं न्यायचीच असतील तर ने, पण पिशवीत एक चांगलं नेलकटर, छोटा नॅपकिन आणि खोबरेलची बाटली टाक. जनरल वॉर्डात म्हाताऱ्यांची नखं कोणी कापत नाही. नातेवाइकांना सुचत नाही, सिस्टरांना वेळ नसतो. आधी वॉर्डच्या सिस्टरना विचार. ज्यांना साखर आहे किंवा पाय बधिर आहेत त्यांच्या पायाच्या नखांना हात लावू नकोस, ते शिकलेल्या माणसाचं काम. बाकीच्यांना आधी नाव विचार, मग "नखं कापू का?" विचार, आणि नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस. स्टूल नसेल तर खाली बस. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. प्रार्थना त्यांनी मागितली तर कर. आणि नखांचे तुकडे कागदात गोळा करून स्वतः डब्यात टाक, वॉर्डातल्या मावशींना झाडायला ठेवू नकोस.